डाव्या हाताचा प्याला

२ डिसेंबर

वारा सुटलाय. आमचं तळं हिवाळ्यात गोठत नाही, पण त्यात उतरणारा माणूस गोठतो. म्हणून बेर्मेतचा सराव आता आरोग्यधामाच्या बंदिस्त तलावात. तिथलं पाणी गुडघेदुखीच्या लोकांसाठी ऊन केलेलं असतं. जोरात पोहली की पोर टोमॅटोसारखी लाल होऊन बाहेर येते. पण या चोल्पोन-अता गावात दुसरा तलाव आणायचा कुठून? मी त्यांचे पंप दुरुस्त करून देतो, ते आम्हाला सकाळी रुग्ण यायच्या आधी पाणी देतात. चाललंय.

एप्रिलमध्ये बिश्केकला देशाची निवड आहे. आठशे मीटर फ्रीस्टाइल. पहिली येईल ती आशियाई स्पर्धेला जाणार. नाव फ्रीस्टाइल, म्हणजे मनाला येईल तसं पोहा, पण सगळे हात मारतात एकाच तऱ्हेनं. ती तऱ्हा मी व्लादिवोस्तोकला नौदलात असताना बघून बघून शिकलो. कुणी हाताला धरून शिकवलं नाही. पुढं जन्मभर बसगाड्यांची इंजिनं खोलली, पण ती शिकलेली गोष्ट अंगातून गेली नाही. बेर्मेतला ती सगळी दिली.

ती पहिली आली की दोन गोष्टी होतील. या किनाऱ्यावरची पोर देशाकडून पोहेल, आणि तालांतचं तोंड बंद होईल.

तालांत माझा मुलगा, बेर्मेत त्याची थोरली. थोरलं नातवंड आजा-आजीचं, ही आमची रीत माझ्या आजाच्याही आधीची. चाळीस दिवसांची होती तेव्हा कोटाच्या आत घालून बिश्केकहून आणली. तेव्हापासून ती आमची. गल्लीतली बाकी पोरं आजोबांना 'चोंगअता' म्हणतात. ही मला नुसतं 'अता' म्हणते, बापाला म्हणावं तसं. माझ्या बायकोला, बुरुलला, 'अपा' म्हणते, आईला म्हणावं तसं. तालांत तिचा दादा आणि त्याची बायको चिनारा तिची वहिनी. सोळा वर्षं असंच चाललं, कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आज तालांतचा फोन. "अता, तिला इकडं पाठवा. इथं मोठा तलाव आहे, शिकवणाऱ्या बाई आहेत."

म्हटलं, "दिलेली वस्तू परत मागतोस?"

"वस्तू नाही म्हणालो मी."

"मग काय म्हणालास?"

त्यानं फोन ठेवला.

११ डिसेंबर

जुन्या बसच्या सीटमागचं प्लायवूड कापून बेर्मेतच्या तळहातांसाठी नव्या फळ्या केल्या. बाजारात रबरी मिळतात, त्या म्हणजे खेळणं. माझ्या फळ्या ताटाएवढ्या. मनगटाला पट्टा, मधल्या बोटाला पट्टा. त्या घालून हात ओढला की सगळं पाणी खांद्यावर येतं. आज तासभर घातल्या. निघताना विचारलं, "कशा आहेत?"

"जड आहेत, अता."

"जडच पाहिजेत. काढशील तेव्हा हात पिसासारखे वाटतील."

ती हसली. नारिनहून उपचाराला आलेली एक म्हातारी काठावर पाय सोडून बसली होती. मला म्हणाली, "अहो भाऊ, पोरीला इतकं दमवताय, सुकवून बाजारात विकायची आहे काय माशासारखी?" म्हटलं, "तुम्ही गुडघे भिजवा." ती म्हणाली, "माझे गुडघे सत्तर वर्षांनी गेले. तिचं काय काय जाईल ते बघा." अशी माणसं काठावर बसून सगळ्या जगाला शहाणपण शिकवतात.

२० डिसेंबर

फळ्या आणखी दोन बोटं रुंद केल्या. मुलगी एक अक्षर बोलत नाही. गुणाची आहे.

२ जानेवारी

काल मान खाली गेली.

नव्या वर्षाला तालांत आणि चिनारा आले, सोबत चिनाराचे वडील शेरगाझी. व्याही माणूस, त्यातून हेडमास्तर होते, म्हणून बुरुलनं दोन दिवस घर पुसलं. जमिनीवर दस्तरखान अंथरून भरला. तळलेले बोर्सोक, जर्दाळूचा मुरंबा, मेंढीचं मांस. चहा ओतायला बेर्मेत बसली. मी तिला लहानपणापासून शिकवलंय, पाहुण्याचा प्याला अर्धाच भरायचा. संपला की पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. म्हणजे पाहुण्यानं बसावं असं घराला वाटतंय. काठोकाठ भरून दिला की पाहुण्यानं समजायचं, आता टोपी उचला. आणि प्याला द्यायचा तो उजव्या हातानं, डावा हात छातीशी धरून. हे आमच्याकडं पोरींना चालायच्या आधी येतं.

आणि या पोरीनं व्याह्यांना प्याला डाव्या हातानं दिला.

शेरगाझींनी हात पुढं केलाच नाही. प्याला हवेत. मग ते हसून म्हणाले, "तुमच्याकडं सगळं शिक्षण पाण्यातच होतं वाटतं. दस्तरखानापर्यंत आलेलं दिसत नाही."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बेर्मेत, तो हात कुणाला दाखवतेस? नीट दे." तिनं प्याला परत घेतला, उजव्या हातात धरला, आणि पुढं करताना हात असा थरथरला की चहा व्याह्यांच्या गुडघ्यावर सांडला. माफी मागायची सोडून ती ओठ चावून बसली. चिनारा कापड घेऊन धावली. पण पुसताना बघत होती बेर्मेतकडं, वडिलांच्या गुडघ्याकडं नाही.

आज सकाळी निघताना चिनारा दाराशी घुटमळली. सून माझ्यासमोर मान वर करून बोलत नाही, चांगल्या घरची आहे. "अता," म्हणाली, "बेर्मेतचा हात..." तालांतनं गाडीचा हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "हात मी बघतो ग. वळण लावीन." ती मग लवून गेली.

वळण लावायला मी आहे. दिलेल्या मुलाला आईबापानं आमच्यासमोर जवळसुद्धा घ्यायचं नाही, ही रीत उगाच नाही. मूल दोन दारांत उभं राहिलं की कुठल्याच घरात नीट शिरत नाही.

१६ जानेवारी

घरभर मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा वास. बुरुल ती मीठ घालून गरम करते आणि आतल्या खोलीत नेते. तिचे गुडघे पुन्हा दुखायला लागलेत वाटतं. विचारलं तर म्हणाली, "म्हातारपण आहे, दुसरं काय." मी म्हटलं, आरोग्यधामात जाऊन बस पाण्यात, माझी ओळख आहे.  म्हणाली, "तुम्ही रोज तिथंच असता ना. मग बघा की कधीतरी नीट." काय बघायचं ते सांगितलं नाही. बायकोचं बोलणं पन्नास वर्षांत कळलं नाही, आता काय कळणार.

३० जानेवारी

सोळा वर्षांची घोडी झाली आणि वेणी आजी घालते. आधी स्वतः घालायची. आज टोकलं, "हात काय भाड्यानं दिलेत?" बुरुलनंच उत्तर दिलं, "माझी हौस आहे. तुम्ही तुमचा चहा प्या."

अंगणातून पाण्याची बादली आणताना सुद्धा मधेच खाली ठेवते, हात बदलते. पाण्यात मात्र तक्रार नाही. म्हणजे अंगात आहे, घरकामात मन नाही. या वयात होतं असं.

९ फेब्रुवारी

शेजारच्या दूलोतला मेंढा दाखवला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला, शरदात घेतलेला. बेर्मेत जिंकून आली की हा कापायचा आणि सगळी गल्ली जेवायला बोलवायची. दूलोत म्हणाला, "आणि हरली तर?"

"हरायची नाही."

"मग मेंढ्यालाही सांगून ठेव. बिचारा नाहीतर आशेवर राहील."

दूलोतची जीभ अशीच आहे. मी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलंय, आता मागं फिरायची सोय नाही. बेर्मेत खिडकीतून ऐकत होती. संध्याकाळी तिनं फळ्या स्वतःहून मागून घेतल्या.

५ मार्च

काराकोलची विभागीय स्पर्धा. बेर्मेत पहिली. तरी तोंड कडू करून परतलो.

बिश्केकच्या शिकवणाऱ्या लिदिया सेम्योनोव्हना खास आल्या होत्या. तालांतनंच धाडल्या असणार. शर्यत झाल्यावर मला बाजूला घेतलं. बाई पन्नाशीच्या, आवाज बसलेला, पण बोलतात अदबीनं.

"अता, उजवं कोपर पाण्याखाली पडतंय. कधीपासून?"

म्हटलं, "दमली की पडतं."

"दमलेल्या मुलीची दोन्ही कोपरं पडतात. हिचं एकच पडतं. आणि श्वास घेताना तोंड बघितलंत? हिला डॉक्टरला दाखवा. उद्या नाही, आजच. आणि तोवर पाण्यात घालू नका."

"निवड महिन्यावर आलीये."

"म्हणूनच सांगते. या वर्षी नाही पोहली तर पुढच्या वर्षी पोहेल. हवं तर माझ्याकडं पाठवा, बिश्केकला चांगले डॉक्टर आहेत."

झालं. आलं बाहेर. मी म्हटलं, "बाई, तुमच्या तलावात तुमची पोहणारी मुलगी आहे ना आठशेला? तिची वाट मोकळी करताय?" त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "माझी मुलगी तुमच्या मुलीच्या पासंगाला पुरणार नाही. म्हणूनच मला वाईट वाटतंय." बोलायला गोड, पण ही बाई मला पहिल्यापासून पाण्यात पाहते. डॉक्टरच्या नावाखाली पोरीला एकदा बिश्केकला नेलं की परत कोण पाठवतंय? तालांतचं घर तिथंच. सगळं ठरवून चाललंय.

गाडीत बेर्मेतनं विचारलं, "लिदियाबाई काय म्हणाल्या, अता?"

म्हटलं, "कोपर उंच ठेव म्हणाल्या. आणि तुझं कौतुक केलं."

ती खिडकीबाहेर तळ्याकडं बघत होती. "एवढंच?"

"एवढंच."

खोटं म्हणावं असं त्यात काही नाही. शर्यतीआधी घोड्याच्या कानात शंका सोडत नाहीत.

बुरुललाही सांगितलं नाही.

२१ मार्च

नोरूझ, वसंताचा सण. दूलोतच्या अंगणात मोठी कढई मांडून सुमोलोक शिजवला. अंकुरलेल्या गव्हाची ती खीर सारखी ढवळत राहावी लागते, क्षणभर सोडली की बुडाला लागते. बायका पाळीपाळीनं ढवळत होत्या, गात होत्या. बेर्मेतची पाळी आली तेव्हा तिनं लाकडी वल्हं डाव्या हातात घेतलं. दूलोतची बायको म्हणाली, "अग, ही डावरी कधी झाली? नवरा डावरा शोधायला हवा." सगळ्या हसल्या. मीही हसलो. बुरुल तेवढी हसली नाही. उठली आणि पोरीच्या हातातलं वल्हं काढून घेतलं.

परत येताना बेर्मेत माझ्या बाजूनं चालत होती. "अता, मी जिंकले तर इथंच राहीन ना? तालांतदादा मग नेणार नाहीत ना?"

"कुणाची छाती आहे न्यायची?"

"आणि हरले तर?"

"हरायची नाहीस."

"पण हरले तर तुम्ही लोकांना काय सांगाल?"

म्हटलं, "असले प्रश्न विचारायला शेजारी दूलोत आहे की." ती हसली, आणि माझ्या कोटाच्या खिशात हात घालून चालली, लहानपणी चालायची तशी. डावा हात. माझ्या डाव्या बाजूला आली असती तर बरं झालं असतं, तिकडचा खिसा अस्तराचा आहे, ऊब असते. पण वळसा घालून मुद्दाम उजवीकडं आली.

आज बरं वाटलं. पोरीचा जीव इथं आहे.

२ एप्रिल

फळ्या आता काढल्या. शर्यतीपर्यंत फक्त हलकं पोहणं. म्हटलं ना, हात पिसासारखे वाटतील? ती म्हणाली, "हो, अता."

१३ एप्रिल, बिश्केक

लिहायला बसलोय.

सकाळी सगळे तलावावर गेलो. मी, बुरुल, तालांत, चिनारा. चिनारानं चांगला निळा पोशाख घातला होता. बेर्मेत चौथ्या पट्ट्यात. शिट्टी झाली आणि पोर अशी सुटली की मी बाकावर उभा राहिलो. अर्ध्या शर्यतीपर्यंत पहिली. दुसरी मुलगी तिच्या पायांच्या फेसात. लिदियाबाईंची मुलगी त्याहून मागं. मी तालांतकडं बघितलं. त्यानं मान वळवली नाही.

मग भिंतीशी एक वळण घेऊन ती पुढं आली आणि उजवा हात पाण्याबाहेर निघालाच नाही.

मी ओरडलो, "हात लांब टाक." तिनं एकदा टाकला. तो बाहेर निघून तसाच पाण्यावर आपटला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी पुन्हा ओरडलो. आमच्या बाकावरचे लोक माझ्याकडं बघायला लागले. बुरुलनं माझा कोट धरून खाली ओढलं, मी सोडवून घेतलं. एक एक करून सगळ्या मुली तिला मागं टाकून गेल्या. ती थांबली नाही. उजवा हात अंगाला चिकटवून एकट्या डाव्या हातानं पोहत राहिली. सगळ्या जणी बाहेर येऊन अंग पुसायला लागल्या तरी ती पाण्यातच. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. दयेच्या टाळीचा आवाज वेगळा असतो, तो मला आज कळला.

भिंतीला हात लागला तेव्हा चिनारा कठड्यावरून उतरून खाली पोचली होती. निळ्या पोशाखानिशी ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि पोरीला काखेतून धरून वर ओढली. बेर्मेतनं तिच्या गळ्याला मिठी घातली आणि म्हणाली, "अपा, हात. अपा, माझा हात."

माझ्या शेजारी बुरुल अर्धवट उठली. सोळा वर्षं ती हाक तिचीच होती. मग तिनं खाली बघितलं, आणि बसली.

मी खाली गेलो नाही. 

१५ एप्रिल

रुग्णालय. खांद्याच्या आतला स्नायूचा धागा फाटलाय. डॉक्टर तरुण, चष्मेवाला. म्हणाला, हे शर्यतीत झालेलं नाही, महिनोन्‌महिने कुरतडलेलं आहे, शर्यतीत फक्त शेवटचं तुटलं. शस्त्रक्रिया करायला हवी. मी विचारलं, शरदापर्यंत पोहेल का? तो म्हणाला, "आजोबा, आधी केस विंचरू दे तिला."

मग त्यानंच विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

 मग बुरुल बोलली. तिला डिसेंबरपासून माहीत होतं. चरबी तिच्या गुडघ्यांसाठी नव्हतीच. रोज ती पोरीचा खांदा चोळत होती. पोरीनं शपथ घातली होती, अताला सांगायचं नाही, अताचं सगळं या शर्यतीत आहे. मी चिनाराकडं वळलो. म्हटलं, "तुला?"

ती म्हणाली, "चहा सांडला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघत बोलली. "मी कोण बोलणार, अता? मूल तुमचं होतं."

एवढ्यात लिदियाबाई फुलं घेऊन आल्या. त्यांना काय कळतंय आत काय चाललंय ते. बेर्मेतच्या पलंगाशी वाकून म्हणाल्या, "काराकोलला मी तुझ्या अतांना सांगितलं होतं ग, पाण्यात घालू नका म्हणून. मी तेव्हाच भांडायला हवं होतं."

 बेर्मेतनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बसची वाट बघणारा माणूस आलेल्या गाडीवरची पाटी वाचतो तसं बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

म्हटलं, "बाईंचा डाव वाटला मला."

"एवढंच म्हणाला होतात. कोपर उंच ठेव, एवढंच."

"तूही सांगितलं नाहीस," मी म्हणालो. "आणि शिवाय, सगळ्या तलावासमोर वहिनीला अपा म्हणालीस. तुझ्या अपाला काय वाटलं असेल, त्याचा विचार केलास?"

बुरुल म्हणाली, "मला मधे घेऊ नका." आणि बाहेर गेली. तिच्यामागं सगळे.

मी आणि पोर दोघंच राहिलो. मला वाटलं ती काही बोलेल. तिनं भिंतीकडं तोंड केलं. उजव्या कुशीवर वळता येत नव्हतं, म्हणून नुसती मान वळवली.

मी चुकीचं काय बोललो? खरंच वाटलं ते बोललो.

६ मे

घरी. बेर्मेत तिकडंच, तालांतकडं. शस्त्रक्रिया झाली, आता हाताला व्यायाम. बुरुलही तिच्याजवळ राहिलीये. घरात मी आणि मेंढा.

फळ्या चुलीत घातल्या. रंग दिलेला होता, धुराचा घाण वास सुटला. दूलोत कुंपणावरून म्हणाला, "काय जाळतोयस?" म्हटलं, "कचरा." एरवी तो दोन शब्द जास्त बोलला असता. आज म्हणाला, "जेवायला ये आमच्याकडं." गेलो नाही.

२९ मे

आरोग्यधामाचा पंप बिघडला म्हणून बोलावलं. ती नारिनची म्हातारी पुन्हा आलीये. विचारलं, "मासोळी कुठाय?" म्हटलं, "बिश्केकला शिकते." तिनं सरकून बसायला जागा दिली. मी बसलो, पाय पाण्यात सोडले. ऊन पाणी. एवढ्या ऊन पाण्यात पोर रोज पोहत होती.

१८ जून

मेंढा दूलोतला देऊन टाकला. म्हटलं, पोराच्या सुंतेला कापा. तो घेत नव्हता. म्हणाला, "राहू दे, कधीतरी लागेल." मी दोर त्याच्या हातात दिला आणि आत आलो.

बुरुल परतली. म्हणाली, बेर्मेतचा हात खांद्यापर्यंत उचलतो, त्यावर नाही. पोहण्याचं नाव काढत नाही. शरदात तिकडच्याच शाळेत जाणार. मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणते? बुरुल पीठ मळत होती. मळतच राहिली. मग म्हणाली, "तुम्हीच एकदा जाऊन या."

१४ जुलै

बिश्केकला जाऊन आलो. झाडाचे पहिले जर्दाळू पिकलेत, पेटी भरून नेली. वाटेत बूम घाटात दोन जर्दाळू दबले तेवढंच.

चिनारानं दार उघडलं, लवली, हातातली पेटी घेतली. तालांत नीट बोलला, रस्ता कसा होता, पाऊस आहे का. दस्तरखान भरलेला होता. मला मानाच्या जागी बसवलं, दाराच्या समोर.

बेर्मेत आली. केस कापलेत, कानापर्यंत. म्हणाली, वेणी घालता येत नाही, आणि आता त्याची सवय झाली. तब्येत चांगली आहे. गालांवर रंग आहे. तळ्याचं विचारलं नाही, मीही काढलं नाही. जर्दाळू बघून म्हणाली, "कोपऱ्यातल्या झाडाचे ना?" म्हटलं, "हो, त्याचेच." तिनं एक उचलला, वास घेतला, परत पेटीत ठेवला.

मग चहा ओतायला बसली. चिनारा म्हणाली, "मी ओतते," तर म्हणाली, "नको, मीच देते." किटली डाव्या हातात. ओतून झाल्यावर प्याला उचलला, तोही डाव्या हातानं, आणि माझ्यापुढं धरला.

"घ्या, चोंगअता. चहा."

तालांत जाजमाकडं बघायला लागला. चिनाराचा हात प्याल्याकडं निम्म्यापर्यंत आला आणि तसाच मागं गेला. मी प्याला दोन्ही हातांनी घेतला. डाव्या हाताचं मला आता काही वाटत नाही, आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून दोन्ही हात पुढं केले. जपून घ्यावा लागला, कारण काठोकाठ भरलेला होता. माझ्या बोटांवर थोडा सांडला. पोरीची नजर माझ्या बोटांवर होती.

मी चिनाराला म्हटलं, "असू दे ग. एका हातानं ओतायचं म्हणजे अंदाज चुकतोच."

 मी सगळा प्यायलो, हळूहळू, गार झाला तरी. बेर्मेत समोर बसून होती, पण प्याला संपल्यावर तिनं हात पुढं केला नाही. किटली कोपऱ्याशी सरकवून ठेवली. तालांत म्हणाला, दुपारची गाडी मिळते, नाहीतर राहा. मी म्हटलं, गाडी मिळतेय तर जातो.

दारात तिनं लवून निरोप घेतला, व्याह्यांचा घेतात तसा, नीट, वळणाचा. वळण मीच लावलेलं आहे.

परतताना गाडीत विचार करत होतो. ती त्यांची किटली बिडाची आहे, फार जड. एका हाताच्या माणसाला ती पेलायची नाही, भसकन ओतली जाते. आमच्या बाजाराच्या तोंडाशी ॲल्युमिनियमची मिळते, हलकी. पुढच्या खेपेला तिच्यासाठी एक घेऊन जाईन.